साइड व्हील किटचा नंबर शोधताना आणि लिहून ठेवताना या चुका टाळा

स्कूटरला मागे दोन साइडची चाकं बसवून घेतात ना, पोलिओ असलेले, पाय गमावलेले, किंवा वयामुळे तोल जाणारे लोक, त्या किटवरपण एक नंबर असतो. स्कूटरचा चेसिस नंबर वेगळा, इंजिन नंबर वेगळा आणि हा किटचा नंबर वेगळा. बहुतेकांना तो माहीतच नसतो, आम्हालापण नव्हता.

आमची ताई प्राथमिक शाळेत शिकवते, घरापासून शाळा आठ किलोमीटर, आणि साइड व्हीलची स्कूटर म्हणजे तिचे पायच आहेत. दोन वर्षांपूर्वी डाव्या चाकाच्या ब्रॅकेटला वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. किट बनवणाऱ्यांना फोन केला तर पहिला प्रश्न, किटचा नंबर सांगा. बिलावर नंबर होता म्हणून तो सांगितला, तर म्हणाले हा आमचा नंबरच नाही. मग फोटो पाठवा, परत फोन करा, असं करत करत अकरा दिवस स्कूटर दारात उभी आणि ताई रोज रिक्षाने शाळेत. शेवटी कळलं की फिटिंगवाल्याने बिलावर लिहिलेला तो नंबर चाकाच्या हबवरचा (चाकाच्या मधल्या धातूच्या भागावरचा) साच्याचा नंबर होता, म्हणजे त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक हबवर तोच नंबर. खरा नंबर मडगार्डच्या आत, आडव्या पाइपच्या मागच्या अंगाला, रंगाखाली बुजलेला होता. हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किट बसवून झाल्यावर नंबर शोधणं. एकदा मडगार्ड लागलं, चाकं लागली, की तो पाइप दिसतच नाही, मग जमिनीवर झोपून टॉर्च मारत बसावं लागतं. त्यापेक्षा किट ज्या दिवशी येईल त्या दिवशी, बोल्ट लागायच्या आधी, सगळे भाग जमिनीवर पोत्यावर मांडा आणि दिवसाउजेडी बघा. आधी मेन फ्रेमचा आडवा पाइप चारही बाजूंनी बघा, मग स्कूटरच्या चेसिसला जो ब्रॅकेट बसतो त्याची पट्टी, मग रिव्हेटने ठोकलेली एखादी छोटी पत्र्याची प्लेट आहे का ते. काहीजण नुसतं स्टिकर लावतात, ते कुठे आहे तेही बघून घ्या.

आता जो नंबर सापडला तो खरंच सिरीयल, म्हणजे फक्त त्या एका किटचा नंबर, आहे का हे कसं ओळखायचं? सोपी खूण आहे. डाव्या आणि उजव्या दोन्ही चाकांवर, हबवर तोच नंबर असेल आणि अक्षरं धातूतून वर उठून आलेली असतील, तर तो साच्याचा किंवा पार्ट नंबर समजा. सिरीयल बहुतेक पंचने आत ठोकलेला असतो, अक्षरं थोडी वाकडी, एखादं खोल एखादं उथळ. टायरवर चार आकडे दिसतील, समजा २३१९, तर ते टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलंय एवढाच त्याचा अर्थ. तो नंबर किटचा म्हणून लिहिलेलं बिल मी स्वतः बघितलंय.

नंबर रंगात बुजला असेल तर लोक सरळ पॉलिश पेपर घेतात नाहीतर ग्राइंडर लावतात. कृपा करून हे करू नका. पंचिंग मुळातच उथळ असतं, दोन हात मारले की अर्धा आकडा गेला, आणि घासलेला नंबर बघितला की समोरच्याला पहिली शंका खाडाखोडीची येते. आम्ही काय केलं ते सांगतो. फडक्याला थोडं रॉकेल लावून चिखल आणि ग्रीस पुसलं, जुन्या टूथब्रशने कोपरे साफ केले, कोरडं होऊ दिलं, मग साधा पातळ कागद त्यावर घट्ट धरून पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवली. आरटीओच्या कामात चेसिस प्रिंट काढतात ना अगदी तसंच. डोळ्यांना नुसता काळा पाइप दिसत होता आणि कागदावर एकेक पांढरा आकडा उमटत आला, शेवटचे दोन जरा पुसट आले म्हणून परत एकदा दुसऱ्या कागदावर घेतले. तो कागद अजून ताईच्या फाइलमध्ये आहे. फोटो काढताना फ्लॅश समोरून मारू नका, सगळं पांढरं होतं, टॉर्च बाजूने तिरपा धरा म्हणजे खड्ड्यांत सावली पडते आणि आकडे वाचता येतात.

वाचताना होणारी गडबड वेगळीच. ० आणि ओ, १ आणि आय, ५ आणि एस, ८ आणि बी. स्कूटरच्या चेसिस नंबरचं एक बरं आहे, तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे गोल दिसलं की शून्यच. पण हा नियम किटच्या नंबरला लागू होईल असं धरून चालू नका, किटवाला स्वतःच्या पद्धतीने नंबर देतो. म्हणून शंका असेल तिथे अंदाजाने लिहू नका, ठसा आणि फोटो पाठवून त्यांच्याकडूनच खात्री करून घ्या. आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे तर दोनदा तपासा, परिवहनच्या वेबसाइटवर बऱ्याच कामांना तेच पाच आकडे मागतात, एक चुकला की पुढे जाताच येत नाही.

अजून एक गोष्ट जी फार महाग पडते. स्कूटरचा चेसिस नंबर नक्की कुठे पंच केलाय हे मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. फिटिंगच्या आधी ती जागा स्वतः बघा आणि फिटिंगवाल्याला बोट ठेवून दाखवा. ब्रॅकेट त्या जागेवर बसला किंवा तिथे वेल्डिंग मारलं तर पुढे पासिंगला इन्स्पेक्टर नंबर बघायला मागेल तेव्हा काय दाखवणार? चेसिसला वेल्डिंग किंवा ड्रिल करायची भाषा कोणी करत असेल तर मी तरी ते काम थांबवेन, चांगलं किट नटबोल्टवर बसतं.

बिलाबद्दल. "साइड व्हील सेट, १ नग" एवढंच लिहिलेलं बिल घेऊन घरी येऊ नका. किटचा नंबर, स्कूटरचा रजिस्ट्रेशन नंबर, मॉडेल, तारीख, सही-शिक्का, सगळं त्याच बिलावर पाहिजे. छोट्या मशीनचं गुळगुळीत बिल असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स आणि फोटो काढा, त्यावरची अक्षरं काही काळाने उडून जातात. किटला अप्रूव्हल आहे म्हणतात तेव्हा सर्टिफिकेटची कॉपी मागा, पुण्यातली एआरएआय, सीआयआरटी अशा संस्था ही तपासणी करतात, आणि त्यात तुमच्या स्कूटरचं मॉडेल लिहिलंय का ते शब्दशः वाचा, मिळतंजुळतं नाव चालत नाही.

आरसीचं काम पुढे ढकलणं ही चूक तर घरोघरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करून घ्यायची सोय आहे, नंतर आरटीओची मंजुरी घ्यावी लागते, आणि बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत कळवायचं असतं. गाडी कर्जावर असेल तर फायनान्सवाल्यांचं लेखी संमतीपत्र आधीच घ्या. इन्शुरन्सवाल्यांनापण कळवा, दिव्यांगांसाठी बदल केलेल्या गाडीला ओन डॅमेज प्रीमियममध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्यात, सवलत असते पण त्यासाठी आरसीवर नोंद पाहिजे, आणि किटचं नुकसान भरून पाहिजे असेल तर किट पॉलिसीत नंबर आणि किमतीसकट लिहिलेलं बरं.

जुनं किट घेताय? नंबर घासलेला असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नका. नंबर असेल तर मूळ बिल मागा आणि दोन्ही जुळवा. स्वतःचंच किट नव्या स्कूटरवर चढवत असाल तरी ब्रॅकेट बदलतात, अप्रूव्हल नव्या मॉडेलला आहे का बघावं लागतं, आणि जुन्या स्कूटरच्या आरसीवरची नोंद तशीच राहते ती विसरू नका.

किटवर नंबरच नसेल तर पूर्ण पैसे द्यायच्या आधी बनवणाऱ्याला पंच करून द्यायला सांगा. आपण नंतर स्वतः ठोकलेल्या नंबरला कंपनीच्या रेकॉर्डमध्ये काही अर्थ नाही.

ताईचा नवा ब्रॅकेट शेवटी नंबर मिळाल्यावर चौथ्या दिवशी आला. बसवायच्या आधी तिने खुर्ची अंगणात मांडायला लावली, स्वतः पाइपवर कागद धरला, आणि यावेळचा ठसा तिने स्वतःच्या हाताने काढला.