किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकची मोजणी धोरणाच्या कामी यावी यासाठी

समुद्रातील प्लॅस्टिकच्या अभ्यासाला आयुष्य द्यायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याने सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे आपली मोजणी नियम करणाऱ्यांपुढे टिकली पाहिजे. किनारा घाण आहे हे सर्वांना दिसतेच. कोणती वस्तू, किती आणि कुठून आली हे सांगता आले, तरच कोणावर जबाबदारी टाकता येते.

प्रारंभ १०० मीटरच्या ठरलेल्या पट्ट्यापासून करावा. ईशान्य अटलांटिक समुद्राच्या रक्षणासाठी झालेल्या ओस्पार करारातील देश अशाच पट्ट्यावर वर्षातून चार वेळा मोजणी करतात. दोन्ही टोकांची जीपीएस नोंद ठेवावी, ओहोटी लागल्यावर उतरावे आणि पाण्याच्या कडेपासून सुरूच्या बनापर्यंतची प्रत्येक वस्तू मोजावी. रोज झाडला जाणारा पर्यटन किनारा या कामाला निरुपयोगी. कोकणात पावसाळ्यातील फेरी टाळण्याचा मोह होतो. परंतु उधाणाने बाहेर फेकलेला कचरा तेव्हाच हाती लागतो, म्हणून समुद्र सुरक्षित असेल त्या दिवशी ती अवश्य करावी.

नोंदपत्रकात नुसते ‘प्लॅस्टिक’ लिहून भागत नाही. शॅम्पूचा पाऊच, गुटख्याची पुडी, बाटलीचे झाकण, नायलॉन जाळ्याचा तुकडा यांना स्वतंत्र रकाने द्यावेत, कारण पाऊचचा प्रश्न उत्पादकाच्या जबाबदारीचा, तर जाळ्याचा प्रश्न बंदरावर जुनी जाळी जमा करण्याच्या सोयीचा असतो. जाळ्याचा तुकडा सापडला की तो कोळी बांधवांना दाखवावा. सुताची जाडी आणि आस (जाळ्याच्या छिद्राचा आकार) पाहून ते जाळे कोणत्या मासेमारीचे, हे त्यांच्याइतके अचूक क्वचितच कोणी सांगेल.

५ मिलिमीटरहून लहान प्लॅस्टिक कणांसाठी भरतीच्या शेवटच्या खुणेवर चौकट ठेवून वरची ५ सेंटिमीटर वाळू धातूच्या चमच्याने काचेच्या बरणीत भरावी. वाळूतून प्लॅस्टिक वेगळे करण्यासाठी ती मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळतात. या द्रावणाची घनता सुमारे १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते, त्यात पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पण बाटल्यांचे ‘पेट’ (पीईटी) प्लॅस्टिक सुमारे १.३८ घनतेचे असल्यामुळे तळाशीच राहते. केवळ मीठ वापरून ‘पेट आढळले नाही’ असे लिहिणे म्हणजे शास्त्राशी प्रतारणा होय. त्यासाठी झिंक क्लोराइडचे जड द्रावण लागते. ते गाळून पुन्हा वापरावे, मोरीत कदापि ओतू नये. कपड्यांचे आणि हवेतले कृत्रिम तंतू नमुन्यात मिसळू शकतात, म्हणून प्रयोगशाळेत सुती कपडे घालावेत आणि शेजारी एक कोरी बशी उघडी ठेवून तिच्यात पडलेले तंतूही मोजावेत.

अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत प्रसाधनांतील प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी सापडल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये देशभर लागू होणारा बंदीचा कायदा मंजूर झाला. मण्यांचा आकारच थेट उत्पादनाकडे बोट दाखवत होता. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या काड्या, पेले, चमचे यांसारख्या एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आहे. नोंदपत्रकाचे रकाने त्या यादीशी जुळवावेत, म्हणजे बंदी कितपत पाळली जाते हे त्याच पट्ट्यावर वर्षानुवर्षे दाखवता येईल, आणि तो तक्ता दरवर्षी ग्रामपंचायतीला व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला मराठीतून सादर करावा.