लाव्यांचा गंबो: चूल पेटवण्याआधीची तयारी

गंबो म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला, भाताबरोबर खायचा मसालेदार रस्सा. चिकन गंबोच्या कृतीत कोंबडीऐवजी लावे घातले की झालं, असा हिशेब करू नका. लाव्याच्या अंगावर मांस थोडं, चरबी जवळपास नाहीच, आणि हाडं काडीसारखी बारीक. जास्त उकळला की मांस सुटतं आणि ती हाडं रश्श्यात पसरतात. लुइझियानातले लोक हा गंबो निवांतपणे करताना दिसतात, कारण त्यांची निम्मी कामं आदल्या दिवशीच उरकलेली असतात.

सहा जणांसाठी आठ लावे घ्या. साफ केलेला एक लावा साधारण 110 ते 130 ग्रॅमचा, म्हणजे सगळे मिळून किलोभर. अमेरिकेत रानात मारलेले होले आणि बदकं विकता येत नाहीत. दुकानात मिळतो तो फार्मचा लावा. भारतात रानातल्या लाव्याची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा इथेही पाळलेला जपानी लावाच. गोठवलेले असतील तर चोवीस तास आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. ओट्यावर सोडलेला पक्षी बाहेरून कोमट होतो आणि आतून दगडच राहतो.

लाव्यांऐवजी शिकारीचे होले किंवा छोटी टील बदकं असतील तर छऱ्यांची तपासणी वेगळी करा. छातीवरून बोट फिरवा. जिथे जांभळा डाग आणि बारीक भोक दिसेल, तिथे छऱ्याबरोबर पिसांचा बोळा आत गेलेला असतो. चिमट्याने तो ओढला की बऱ्याचदा छराही मागोमाग येतो. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे 1991 पासून बंद आहेत, पण होल्यांसाठी अनेक ठिकाणी अजून चालतात. शिसं लोहचुंबकाला लागत नाही, म्हणून चुंबक फिरवून खात्री धरू नका. शिशाने मारलेले पक्षी गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देऊ नयेत. नंतर लिटरभर पाण्यात 40 ग्रॅम मीठ विरघळवून पक्षी त्यात चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा. साकळलेलं रक्त निघून जातं. फार्मच्या लाव्याला हे लागत नाही. त्याला किलोमागे 10 ग्रॅम मीठ चोळून रात्रभर उघडाच फ्रिजमध्ये ठेवा. कातडी कोरडी झाली तरच ती तेलात खरपूस होते. ओली कातडी भांड्याला चिकटून फाटते.

सूपही आदल्या दिवशीच. लाव्यांची पाठीची हाडं कात्रीने कापून काढा, त्यांत अर्धा किलो कोंबडीच्या पाठी-माना घाला. नुसत्या लाव्याच्या हाडांत दम नसतो. हाडं भाजून तीन लिटर पाण्यात दोन तास मंद उकळा, गाळा, अडीच लिटर भरलं पाहिजे. मीठ अजिबात नाही, कारण खारटपणा अँडूईतून येणार आहे. अँडूई म्हणजे तिथलं जाडसर कापाचं, धुरावलेलं डुकराचं सॉसेज. 350 ग्रॅम घ्या. ते नसेल तर दुसरं कुठलंही धुरी दिलेलं सॉसेज चालेल. गोव्याचं चोरीस मात्र नको, त्यातला व्हिनेगर सगळ्या रश्श्यावर चढतो.

कांदा 300 ग्रॅम, ढोबळी मिरची 150, सेलरी 150, हे दोनास एक एक प्रमाण मोडू नका. सगळं बारीक चिरून एकाच परातीत, चुलीच्या हाताशी. लसूण सहा पाकळ्या, वेगळ्या वाटीत. थाइम एक चमचा, केयेन मिरची अर्धा चमचा, मिरपूड एक चमचा, तेजपान दोन. हे तेजपान लॉरेलचं हवं. आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं आणि दालचिनीच्या वासाचं.

हे सगळं मांडून झाल्याशिवाय रू सुरू करायचाच नाही. रू म्हणजे तेलात भाजलेला मैदा, आणि गंबोचा रंग, वास, चव यातूनच येते. 240 मिली रिफाइंड शेंगदाणा तेल, 130 ग्रॅम मैदा, जाड बुडाचं भांडं, सपाट टोकाचा लाकडी उलथना. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश आधी करपतो. मध्यम-मंद आचेवर पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं बुडापासून, कोपऱ्यांसकट, न थांबता हलवत राहायचं. आधी बदामी, मग तांबूस, मग चॉकलेटी. तांबूस रंगानंतर पुढचा प्रवास फार झपाट्याने होतो, त्यामुळे तिथे आच कमी करा. काळे ठिपके दिसले किंवा नाकाला झोंबणारा वास आला की रू गेला. तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही, फेकून नव्याने करा. दुसरं ध्यानात ठेवा: रू जितका गडद, तितका दाटपणा कमी, कारण भाजताना मैद्यातला स्टार्च तुटतो. गडद गंबो पातळसरच असतो, त्यात वरून मैदा लावू नका. उकळता रू अंगावर उडाला तर चिकटून खोल भाजतो. बाह्या लांब, मुलं लांब, उलथना कोरडा.

रंग आला की परातीतली भाजी एकदम ओता. तिच्या पाण्याने रू निवतो आणि भाजणं थांबतं; म्हणूनच ती हाताशी हवी. पाच-सात मिनिटांनी लसूण, मग गरम सूप एकेक डाव घालून ढवळत. थंड सूप एकदम ओतलं तर तेल फुटून वर येतं. तळलेलं सॉसेज आणि मसाले घालून तासभर मंद खदखदू द्या, वरचं तेल डावाने काढत रहा. वेगळ्या कढईत खरपूस केलेले लावे यानंतरच घालायचे, पस्तीस-चाळीस मिनिटं. मांडी 74 अंशांवर गेलेली असावी आणि सांध्यात सहज हलावी. होल्यांच्या छात्या आणि टील मात्र सुरुवातीपासूनच रश्श्यात. त्यांचं लाल मांस दीड-दोन तासांशिवाय मऊ होत नाही. मीठ शेवटी, चाखून.

फिले म्हणजे ससाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवाशांकडून आलेली. ती उकळत्या भांड्यात घातली तर रश्श्याला तार सुटते, म्हणून ताटलीत वाढल्यावर पाव चमचा. फिले नसेल तर 300 ग्रॅम भेंडी तार जाईपर्यंत परतून सुपाबरोबर घाला. दोन्ही एकत्र नको, गिळगिळीत होतं. भात वेगळा, मोकळा, मध्यम दाण्याचा. दोन वाट्या तांदूळ पुरतात.

गंबो दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो हे खरं, पण उरलेले लावे रश्श्यात तसेच सोडू नका. बाहेर काढून मांस सोडवा, हाडं मोजून टाका, रस्सा उथळ भांड्यांत पसरून दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ द्या, आणि मांस गरम करताना शेवटच्या पाच मिनिटांतच घाला.