युरोपचे मध्यरात्रीचे नवसंगीत नागपुरात कसे ऐकावे

समकालीन पाश्चात्त्य कलासंगीताला युरोपातील सार्वजनिक नभोवाणी केंद्रे बहुधा रात्रीची उशिराची वेळ देतात; जर्मनीच्या डॉइचलांडफुंक कुल्टूरवर ‘नॉये मुझिक’ (म्हणजे ‘नवसंगीत’) हा कार्यक्रम मध्यरात्र उलटून पाच मिनिटांनी लागतो. कोणत्या वारी काय आहे हे केंद्राच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे आणि मग घड्याळाकडे वळावे. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे कार्यक्रम आपल्याकडे पहाटे ४.३५ ला येतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळे तासभर पुढे केलेली असतात, म्हणून तो ३.३५ ला येतो. हे विसरून एका एप्रिलमध्ये मी साडेचारचा गजर लावला आणि उठून ऐकल्या त्या बातम्या.

माझ्या मते नागपूरकराने सुरुवात डिसेंबरात करावी. त्या दिवसांत पंखासुद्धा बंद असतो, आणि या संगीतातील कित्येक रचना इतक्या हळू आवाजात चालतात की खोलीची शांतता हा त्यांचा निम्मा भाग असतो. मे महिन्यात कूलर बंद केला तर दहा मिनिटांत घाम फुटतो आणि चालू ठेवला तर व्हायोलिनचा निसटता स्वर त्याच्या घरघरीत विरतो. गादी घेऊन गच्चीवर गेलो, तर शेजारच्या चार घरांचे कूलर चार वेगवेगळ्या पट्ट्यांत षड्ज धरून बसलेले असतात. अशा वेळी कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरावा. आवाज मात्र सुरुवातीलाच वाढवून ठेवू नये, कारण अशा रचनेत मध्येच पितळी वाद्ये उसळली तर कानठळ्या बसतात.

आता ऐकण्याविषयी. सम कुठे येते याची वाट पाहिली तर पदरी निराशाच येईल. त्याऐवजी तानपुरा जुळवताना आपण जसे ऐकतो तसे ऐकावे: जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला, दोरा किंचित सरकवला की त्याच तारेतून गंधार स्पष्ट होतो, तेव्हा आपला कान स्वराच्या आत शिरलेला असतो. फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिसे यांची १९७५ ची ‘पार्सिएल’ ही अठरा वादकांसाठीची रचना नेमकी याच जागेवरून निघते. ट्रॉम्बोनच्या एका खर्जातील स्वरात जे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत मंद उमटणारे वरचे स्वर, दडलेले असतात, ते त्यांनी वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिले आहेत. मैफलीत तानपुऱ्याच्या मागे बसून ज्याने तास काढले आहेत, त्याला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही.

जर्मन येत नसले तरी निवेदनाकडे लक्ष ठेवावे. ‘उरआउफफ्यूरुंग’ हा शब्द आला की ती रचना प्रथमच सादर झाल्याचे ध्वनिमुद्रण आहे असे समजावे. संगीतकाराचे नाव जसे ऐकू येईल तसे देवनागरीत टिपून ठेवावे, शेजारी वेळ लिहावी आणि सकाळी केंद्राच्या कार्यक्रमपत्रिकेशी ताडून पाहावे.