बेरजा करून अल्फा काढा

कुणी आकड्यांची यादी पाठवून ‘हे स्टेबल डिस्ट्रिब्युशन आहे का?’ असं विचारलं, की मी आलेख काढत बसत नाही, सरळ बेरजा करतो. व्याख्याच बेरजेची आहे ना! एकाच स्टेबल वितरणातल्या स्वतंत्र संख्या मिळवल्या तरी आकार तोच राहतो. बदलतो तो फक्त पसारा आणि जागा. ‘न’ संख्यांच्या बेरजेचा पसारा ‘न’च्या १/अल्फा घाताइतक्या पटीने वाढतो. अल्फा म्हणजे वितरणाचा आकार ठरवणारा आकडा, शून्याहून मोठा आणि फार तर २.

आधी आकडे पत्त्यांसारखे पिसून घ्या, म्हणजे लागोपाठच्या आकड्यांचं आपापसातलं नातं तुटेल. मग चार-चारचे गट पाडून प्रत्येक गटाची बेरीज करा. मूळ यादीत पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातलं अंतर (म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधले अर्धे आकडे जेवढ्या पट्ट्यात बसतात तो) मोजा, बेरजांच्या यादीतही मोजा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४ चा लॉग भागिले या गुणोत्तराचा लॉग, हा तुमचा अल्फा. गुणोत्तर २ आलं तर अल्फा २, म्हणजे नॉर्मल. ४ आलं तर अल्फा १. अडीच आलं तर साधारण दीड. वितरण एका बाजूला कललेलं असलं (हा कल सांगणारा पॅरामीटर बीटा शून्य नसला) तरी चालतं, कारण बेरजेत जागा सरकली म्हणून चतुर्थकांमधलं अंतर बदलत नाही.

प्रमाण विचलन मात्र इथे वापरायचं नाही. अल्फा २ पेक्षा कमी असेल तर व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) अनंत असतो. संगणक आकडा देतो खरा, पण पुढचा एखादा अवाढव्य आकडा आला की तो कोलमडतो. अल्फा १ किंवा त्याखाली गेला की सरासरीलाही अर्थ उरत नाही. कॉशी वितरणातल्या (अल्फा १ असलेल्या स्टेबल वितरणातल्या) हजार संख्यांची सरासरी काढा, ती एका संख्येइतकीच बेभरवशाची असते.

एवढ्यावर निकाल देऊ नका. तेच गुणोत्तर ४ वरून १६ च्या गटांना आणि १६ वरून ६४ च्या गटांना काढा. अल्फा जागचा हलला नाही तरच स्टेबल म्हणायला आधार आहे. तो हळूहळू २ कडे सरकत असेल तर शेपूट जाड असूनही (म्हणजे टोकाचे आकडे बरेचदा येत असूनही) व्हेरियन्स सांत असण्याचीच शक्यता जास्त. तीन मुक्तिमात्रांचं (डिग्रीज ऑफ फ्रीडम) स्टुडंट-टी हे जाड शेपटीचं वितरण असंच फसवतं. गणितज्ञ मँडेलब्रॉटने १९६३ मध्ये कापसाच्या भावांतल्या बदलांसाठी १.७ च्या आसपासचा अल्फा मांडला, तेव्हापासून दिसली जाड शेपूट की म्हण स्टेबल, ही सवय अनेकांना लागली आहे. मला ती पटत नाही. गटांच्या या तपासणीसाठी काही हजार आकडे लागतात. दोनशे आकड्यांत ६४ चे गट तीनच पडतील.

प्रोग्रॅम बरोबर चालतोय का, हे तपासणं सोपं आहे. उणे ९० ते ९० अंशांमधले कोन समान संभाव्यतेने निवडा आणि त्यांचे टॅन घ्या. हे कॉशी वितरण झालं. गुणोत्तर ४ च्या जवळ यायला हवं.

पुढे पॅकेज वापरून बाकीचे पॅरामीटर बसवणार असाल तर मांडणी (पॅरामीटर लिहिण्याची पद्धत) कोणती आहे ते आधी वाचा. पायथॉनमधलं सायपाय हे पॅकेज काही न सांगितल्यास ‘एस१’ धरतं. त्यात बीटा शून्य नसेल तर अल्फा १ च्या जवळ जाताना वितरणाचा मुख्य भाग जागेच्या पॅरामीटरपासून दूर पळतो. अशा वेळी ‘एस०’ ही दुसरी मांडणी घ्या. आणि अल्फा २, माप (पसाऱ्याचा पॅरामीटर, स्केल) १ दिलं तर व्हेरियन्स १ नव्हे, २ येतो.