हाऊबेर घेताना एक दाणा चिरडून बघा

सोलापुरात काष्ठौषधीवाल्याकडे ‘हाऊबेर’ मागा. नुसतं जुनिपर म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील. हाऊबेर म्हणजे जुनिपर या हिमालयातल्या झुडपाचं फळ. ते खरं तर बोर नव्हेच, पाइनच्या झाडाला येतो तसा, पण मांसल झालेला शंकू आहे. पिकायला साधारण दीड वर्ष लागतं.

दाणा निळसर काळा हवा, टोकाला तीन रेघांची चांदणी. बोटांत चिरडला की आत चिकट लागतो आणि देवदाराच्या ताज्या भुशासारखा वास येतो. कोरडा भुगा झाला, वास नाही, तर तसाच परत करा. आमच्याकडच्या चाळिशीपारच्या उन्हात बरणी पत्र्याखाली ठेवली की सुगंधी तेल उडतंच.

अर्धा किलो मटणाला पाच-सहा दाणे ठेचून दह्यात घाला. काळा मसाला मात्र निम्मा, नाहीतर हाऊबेर घालून उपयोग काय! जिन या दारूचा वासही याचाच.

नर्सरीतल्या शोभेच्या जुनिपरची फळं तोंडात घालू नका. ती जात बहुधा वेगळी असते आणि सबायना ही जात तर विषारीच आहे. गरोदर बायकांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हाऊबेरही टाळावं.