बोळातल्या घरात वारा कसा खेळवायचा

बेळगावात शहापूर-वडगावकडची जुनी घरं अरुंद आणि लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, खिडक्या फक्त पुढं आणि मागं परड्यात, मधली खोली कायम कोंदट. गिऱ्हाईक आधी टाइल्सचं विचारतं. मी म्हणतो, आधी वाऱ्याचं बघा.

मधल्या खोलीवर किंवा जिन्यावर छत थोडं उचलून घ्या आणि बाजूंना झडपा ठेवा. गरम हवा वर चढून तिथनं बाहेर पडते, खालनं गार हवा आत ओढली जाते. वरची वाट खालच्यापेक्षा लहान ठेवू नका, नाहीतर ओढ लागत नाही. उदबत्ती लावून बघा, धूर झडपेकडं वळला पाहिजे. हवा आत घ्यायची ती परड्याकडनं. रस्त्याकडनं धूळ आणि गाड्यांचा धूर येतो. घरात माग असेल तर त्याची खोली वेगळी काढा, सुताचं तूस छातीत बसतं.

आपला पाऊस पश्चिमेकडनं झोडपतो, तिकडं रुंद छज्जा हवाच. जांभ्याच्या भिंतीला आतनं चुन्याचा गिलावा करा. ओल सुकते, बुरशी कमी धरते. त्यावर प्लास्टिक पेंट मारला की संपलं, ओल आतच!

फोडणीच्या धुराला एक्झॉस्ट फॅन, शेगडीच्या वर, छताजवळ. चार कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते हे मला काही पटत नाही. पण परड्यात सगळीकडं काँक्रीट ओतू नका, कढीपत्ता-लिंबाला माती राहू दे की.