जादा दिवे लावले की हेडलाइटचा फ्यूज उडतो: माझा अनुभव

लांबच्या प्रवासासाठी बाईकवर ४० वॉटचे दोन एलईडी दिवे बसवले. थोडं अंतर गेलं की ते लुकलुकायचे, मग १० अँपिअरचा फ्यूज उडून हेडलाइटही बंद. दिवे बदलले, स्विच बदलला, फरक शून्य. रात्रीच्या घाटात हा प्रकार फार मनस्ताप देतो. या १०च्या जागी १५चा फ्यूज मात्र कधीच टाकू नका. मूळ बारीक वायर तापून वितळते.

कारण साधं होतं. दिव्यांचा पुरवठा हेडलाइटच्या वायरवरून घेतला होता. दोन दिव्यांचे साधारण ६.७ आणि ५५ वॉटच्या बल्बचे ४.६, म्हणजे ११ अँपिअरच्या वर.

उपाय चार पिनांचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला न्या, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज घाला. ८७ वरून दिव्यांची पॉझिटिव्ह. पार्किंग लाइटची वायर हँडलवरच्या स्विचमधून ८६ ला, ८५ अर्थला, म्हणजे निगेटिव्हला. दिव्यांची निगेटिव्ह थेट बॅटरीवर आणा. रंगवलेल्या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) अर्थ नीट मिळत नाही. जोडांना क्रिंप (दाबून बसवायची धातूची टोपी) आणि हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) वापरा, नुसती टेप पावसात सुटते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, वायर ताणत नसेल तरच टाय आवळा.

शेवटी इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मल्टिमीटर लावा. बॅटरी आणि दिवा यांत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर एखादा जोड ढिला आहे.